फवाऱ्याविना सफरचंद: एका बागेचं काम की अख्ख्या खोऱ्याचं?

किडी औषधाला सरावतात, याची शास्त्रीय नोंद पहिल्यांदा झाली ती फळबागांमुळे. फांद्यांना चिकटून रस शोषणाऱ्या ‘सॅन होजे स्केल’ या खवले किडीवर अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात चुना-गंधकाचं द्रावण मारलं जात असे. काही भागांत ते चांगलं लागू पडे, तर काही भागांत तीच कीड त्याच द्रावणाला दाद देईना. ए. एल. मेलँडर या कीटकशास्त्रज्ञाने १९१४ साली त्यावर निबंध लिहिला आणि मथळ्यातच विचारलं, किडी फवाऱ्याला दाद देईनाशा होऊ शकतात का? उत्तर त्या बागांनी आधीच देऊन ठेवलं होतं.

बागायतदारांनी त्यातून घेतलेला धडा मात्र वेगळा होता. एक औषध चालेना, तर दुसरं आणायचं. फळातल्या अळीसाठी शिसं आणि आर्सेनिक यांचं संयुग कित्येक दशकं वापरात होतं, ते पुढे एका हंगामात अनेकदा मारावं लागू लागलं. त्याचे अंश जुन्या बागांच्या मातीत आजही सापडतात. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी आलं. अळी मेली, पण अळीबरोबर लाल कोळ्याला खाणारे मित्रकीटकही मेले. आधी फारसा कुणाच्या खिजगणतीत नसलेला लाल कोळी मग मुख्य कीड होऊन बसला. कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियात ए. डी. पिकेट यांनी याच सुमारास उलट वाट धरली. औषध जपून, मित्रकीटकांना कमीत कमी धक्का लागेल असं वापरायचं आणि उरलेलं काम निसर्गावर सोपवायचं. रेचल कार्सन यांनी १९६२च्या ‘सायलेंट स्प्रिंग’मध्ये त्यांच्या कामाची मुद्दाम दखल घेतली.

या सगळ्या इतिहासातून एक साधा प्रश्न पुढे येतो. फवारा पूर्णच खाली ठेवला, तर सफरचंद पिकवता येतं का?

सेंद्रिय म्हणजे बिनफवारणीचं नव्हे

इथे एक गैरसमज आधी दूर करायला हवा. दुकानातलं प्रमाणित सेंद्रिय सफरचंद बहुधा फवारलेलंच असतं. फक्त टाकीत गंधक, खनिज तेल, निंबोळी अर्क, केओलिन माती किंवा अळीला रोगी करणारा विषाणू असतो. मूळचे अमरावती जिल्ह्यातले सुभाष पाळेकर यांची नैसर्गिक शेती हिमाचल प्रदेशाने २०१८ साली सरकारी योजना म्हणून स्वीकारली आणि तिथल्या अनेक बागायतदारांनी ती सफरचंदावर करून पाहिली. तिच्यातलं जीवामृत मुख्यतः जमिनीसाठी असतं. पण निमास्त्र, अग्निअस्त्र, ब्रह्मास्त्र ही सगळी अस्त्रं शेवटी पंपातूनच झाडावर जातात. खर्च आणि विषारीपणा घटतो, हा फायदा मोठाच आहे. फवारणी मात्र सुटलेली नसते.

जपानमधल्या आओमोरीचे अकिनोरी किमुरा हे या बाबतीतलं सर्वांत गाजलेलं नाव. त्यांनी रासायनिक औषधं बंद केली तेव्हा झाडांची पानं गळाली आणि जवळजवळ दशकभर बागेला फळ धरलं नाही. पुढे बाग सावरली, त्यांच्यावर पुस्तक निघालं आणि २०१३ साली चित्रपटही आला. अळ्या ते हाताने वेचत आणि रोगांसाठी पातळ केलेलं व्हिनेगर फवारत. फवाऱ्याविना सफरचंदाचा विचार करताना ही दशकभराची किंमत आणि ते व्हिनेगर, दोन्ही लक्षात ठेवायला हवीत.

अळी आत शिरण्याआधी

जगभरच्या सफरचंदाचा पहिल्या क्रमांकाचा शत्रू म्हणजे कॉडलिंग मॉथ हा करड्या रंगाचा, जेमतेम सेंटिमीटरभर लांबीचा पतंग. किडकं फळ कापलं की सालीवरच्या बारीक छिद्रापासून थेट बियांपर्यंत गेलेलं तपकिरी भुयार दिसतं. त्यात ओलसर भुसा भरलेला असतो आणि टोकाशी बिया कुरतडत बसलेली गुलाबीसर अळी. ती एकदा आत गेली, की बाहेरचं कोणतंही औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही. अंड्यातून निघाल्यापासून फळात घुसेपर्यंत तिला फार थोडा वेळ लागतो आणि फवारणीचा सगळा डाव त्या थोड्या वेळावर असतो. दिवस चुकला की टाकी वाया.

बिनफवारणीचे उपाय हा डाव तिथे खेळतच नाहीत. ते तिच्या आयुष्यातल्या इतर टप्प्यांवर तिला गाठतात.

त्यातला सर्वांत जुना उपाय खोडावरचा. पोट भरलेली अळी फळातून बाहेर पडते आणि सुटलेल्या सालीच्या आडोशाला कोष विणते. खोडाला नालीदार पुठ्ठ्याचा किंवा गोणपाटाचा पट्टा गुंडाळून ठेवला, की तिला तो आडोसा आयताच मिळतो. ठरावीक काळाने पट्टा सोडवून जाळायचा. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात याच कामासाठी खोडाला गवताचे दोर बांधत. पट्टा वेळेवर काढला नाही, तर मात्र तीच अळ्यांची हक्काची नर्सरी ठरते. त्याच्या जोडीला गळालेली फळं रोज उचलायची आणि बागेबाहेर न्यायची.

दुसरा टप्पा मिलनाचा. नराला बोलावणारा मादीचा गंध न्यूयॉर्क राज्यातल्या जिनिव्हा इथल्या संशोधन केंद्रात वेंडेल रोलॉफ्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ साली ओळखला. त्यातून आधी कामगंध सापळे आले. ते मुख्यतः पतंग किती आहेत आणि कधी उडतात हे कळण्यापुरते. खरी मजल पुढची होती. हेक्टरी सुमारे हजारभर गंधनळ्या झाडांच्या शेंड्याकडे अडकवल्या, की हवेत गंधच गंध होतो, नराला मादीचा माग लागत नाही आणि अंडी वांझ राहतात. विदर्भात कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीसाठी गंधाचे दोरे झाडांना बांधले गेले, ते याच तत्त्वावर. अमेरिकेत १९९१ साली या नळ्यांना परवानगी मिळाली. १९९५पासून वॉशिंग्टन आणि शेजारच्या राज्यांत शेजारीशेजारी बागा असलेल्या शेतकऱ्यांनी सरकारी शास्त्रज्ञांच्या मदतीने एकत्र येऊन हे तंत्र राबवलं. आज वॉशिंग्टनमधल्या बहुतांश सफरचंद बागांत ते रुळलेलं आहे.

एकत्र येण्याला कारण होतं. नळ्या लावलेल्या बागेत मिलन होत नाही, पण शेजारच्या बागेत गाभण झालेली मादी उडत येते आणि निवांतपणे अंडी घालते. एकर-दोन एकरांच्या सुट्या बागेत म्हणूनच हा उपाय उणा पडतो. तो सलग, मोठ्या क्षेत्रावरच नीट फळतो.

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाच्या ओकानागन खोऱ्याने हाच विचार शेवटापर्यंत नेला. ओसोयूस गावी उभारलेल्या केंद्रात कॉडलिंग मॉथ लाखोंच्या संख्येने वाढवले गेले, गॅमा किरणांनी त्यांना वांझ केलं गेलं आणि १९९४पासून ते बागांमध्ये सोडले गेले. रानटी मादीची गाठ वांझ नराशी पडली की अंड्यांतून काही निघत नाही. केंद्रातल्या अळ्यांच्या खाद्यात रंग मिसळलेला असे. त्यामुळे सापळ्यात सापडलेला पतंग चिरडला, की पोटातल्या गुलाबी रंगावरून तो घरचा की रानटी हे तिथल्या तिथे कळे. खर्चाचा भार बागायतदारांबरोबर खोऱ्यातल्या इतर मालमत्ताधारकांवरही करातून टाकला गेला. घरामागे एखादंच सफरचंदाचं झाड असलेल्यालाही किडीचा बंदोबस्त बंधनकारक झाला. खोऱ्यातली किडीची संख्या आणि तिच्यावरची औषधं, दोन्ही नव्वद टक्क्यांहून अधिक घटली.

लोकरी मावा: न मारता जिंकलेली लढाई

उत्तर अमेरिकेतून जगभर पसरलेला सफरचंदाचा लोकरी मावा छाटणीच्या जखमांवर आणि मुळांवर कापसाचे पुंजके धरतो, गाठी आणतो. पुंजक्यावरून बोट फिरवलं की जांभळट-तांबडा रस लागतो. त्याच्यावरचे दोन उपाय शेतीच्या इतिहासात मानाचे आहेत आणि दोन्हींत फवारा नाही.

पहिला उपाय खुंटाचा. ‘नॉर्दर्न स्पाय’ या जुन्या अमेरिकी वाणाला हा मावा फारसा लागत नाही, हे एकोणिसाव्या शतकातच लक्षात आलं होतं. इंग्लंडमधल्या ईस्ट मॉलिंग आणि मर्टन इथल्या संस्थांनी त्याचा संकर करून प्रतिकारक खुंट तयार केले. आजही हिमाचल-काश्मीरच्या रोपवाटिकांत विकले जाणारे ‘एमएम १०६’ आणि ‘एमएम १११’ हे त्यांतलेच. नावातली दोन ‘एम’ म्हणजे मॉलिंग आणि मर्टन. खुंट प्रतिकारक असला की मुळांवरचा मावा हटतो. कलम केलेल्या वरच्या भागावर तो येऊ शकतो, तिथे दुसरा उपाय लागतो.

तो म्हणजे अफेलिनस माली, मिलिमीटरभराची एक परोपजीवी गांधीलमाशी. ती माव्याच्या अंगात अंडं घालते. काही दिवसांनी त्या माव्याची लोकर झडते, अंग काळं पडून फुगतं आणि पाठीला गोल भोक पाडून नवी माशी बाहेर येते. भिंगाखाली असे काळे, भोक पडलेले मावे दिसू लागले, की फांदीला हात लावू नये. न्यूझीलंडने ती १९२०च्या दशकात नेली. भारतात ती १९३०च्या दशकात आली आणि कुलू खोऱ्यात रुजली. युरोपातल्या बागांत शेपटीला चिमटा असलेला इअरविग हा कीटकही रात्री मावा फस्त करतो. पुठ्ठ्याच्या सुरळ्या किंवा गवत भरलेली उपडी कुंडी फांदीला टांगून त्याला दिवसाचा आसरा दिला जातो.

महाराष्ट्राला हे चित्र अनोळखी वाटू नये. २००२ साली सांगली भागातून उसावर लोकरी मावा पसरला तेव्हा गावोगावी पंप निघाले होते. शेवटी मावा आटोक्यात आला तो मुख्यतः डिफा आणि मायक्रोमस या मित्रकीटकांमुळे. सफरचंदावरचा मावा वेगळ्या जातीचा, पण घडलं तेच. भक्षक पोहोचेपर्यंत फवारणीचा हात आवरणं, हाच त्यातला कठीण भाग.

लाल गोळे आणि बागेतली डुकरं

कॉडलिंग मॉथ गंधाने फसतो, तर उत्तर अमेरिकेतली सफरचंदाची फळमाशी डोळ्याने फसते. ही माशी मूळची हॉथॉर्न या रानझुडपाच्या फळांवरची. युरोपीय वसाहतवाल्यांनी सफरचंद आणलं आणि एकोणिसाव्या शतकात तिचा एक गट त्याच्याकडे वळला. अंडी घालायला ती लाल, गोल फळ शोधते. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातले रॉन प्रोकोपी यांनी तिच्या याच सवयीवर बोट ठेवलं. आठ-नऊ सेंटिमीटरचा लाकडी गोळा गर्द लाल रंगवायचा, त्याला चिकट लेप द्यायचा आणि पानं थोडी बाजूला सारून तो फळांच्या मध्ये टांगायचा. माशी आधी त्या ‘सर्वोत्तम फळा’वर येते आणि अडकते. प्रोकोपींनी स्वतःच्या छोट्या बागेत झाडामागे एक असे गोळे लावून दोन दशकांच्या नोंदी ठेवल्या आणि माशीवर फवारणी न करता विकाऊ फळ घेता येतं हे दाखवलं.

पण त्याच बागेत वसंतातली थोडीशी फवारणी त्यांना टाळता आली नाही. कारण होतं प्लम कर्क्युलिओ हा सोंडकिडा. नुकत्याच धरलेल्या फळावर तो चंद्रकोरीसारखा चरा पाडून अंडं घालतो. त्याला ओढून आणणारा खात्रीचा गंध नाही, अडवणारी पक्की परोपजीवी माशी नाही. एकोणिसाव्या शतकातले शेतकरी पहाटेच्या गारव्यात झाडाखाली चादर अंथरत आणि खोडाला दणका देत. सुस्त किडे टपाटप खाली पडत. उपाय चालतो, पण बहर संपल्यापासून कित्येक आठवडे रोज पहाटे करावा लागतो. मिशिगनमधल्या एका सेंद्रिय बागेने वेगळी तोड काढली. जूनमध्ये गळणाऱ्या किडक्या फळांच्या दिवसांत बागेत लहान डुकरं सोडली. ती फळं अळीसकट खातात आणि पुढची पिढी मातीत जायच्या आत संपते. विद्यापीठाच्या संशोधकांनीही तिथे त्याचा अभ्यास केला. काढणीच्या कितीतरी आधी डुकरं बाहेर काढावी लागतात, कारण विष्ठेतून फळांवर जंतू जाण्याचा धोका असतो.

आडकाठी आणि पाहुणे

कीड फळापर्यंत पोहोचूच द्यायची नाही, हा विचार जपानमध्ये शंभराहून अधिक वर्षांपूर्वी रुजला. तिथे कोवळ्या फळांना एकेक करून कागदी पिशव्या घालत, त्या मुळात फळ पोखरणाऱ्या अळीसाठी. औषधं आल्यावरही पिशवी राहिली, कारण पिशवीतून उशिरा काढलेल्या फळाला देखणा रंग चढतो. प्रश्न मजुरीचा. प्रत्येक फळाला दोनदा हात लागतो.

फ्रान्सच्या दक्षिणेत व्होक्ल्यूज जिल्ह्यात २००५च्या सुमारास पिशवीऐवजी अख्खी रांगच जाळीत घेण्याचा प्रयोग सुरू झाला. बहर संपून मधमाश्यांचं काम झालं, की गारांच्या जाळीपेक्षा बारीक विणीची जाळी रांगेवरून खाली ओढून पायथ्याशी बंद करतात. पतंग बाहेरचा आत येत नाही आणि आत निपजलेल्याला शेंड्यावर उडून जोडीदार गाठायला जागा उरत नाही. कॉडलिंग मॉथविरुद्ध निकाल उत्तम आले. अडचणही लगेच दिसली. जाळी मित्रकीटकांनाही अडवते, त्यामुळे आत मावा वाढू शकतो.

पाहुण्यांचंही मोल मोजलं गेलं आहे. नेदरलँड्समध्ये मोल्स आणि व्हिसर यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ग्रेट टिट हा छोटा पक्षी घरटं करून असलेल्या भागात झाडामागे ७.८ किलो, तर पक्षी नसलेल्या भागात ४.७ किलो फळ मिळालं. अळ्यांनी केलेली नासाडी घटली ती मात्र माफक, एकूण फळांच्या अडीच-तीन टक्क्यांनी. नोव्हा स्कॉशियात हिवाळ्यात सालीखाली दडलेल्या कॉडलिंग अळ्यांपैकी सुमारे निम्म्या सुतारपक्ष्यांनी टिपल्याच्या नोंदी १९५०च्या दशकातल्या आहेत. घरट्यांच्या पेट्या स्वस्त पडतात, म्हणून त्या लावाव्यातच. त्यांच्या भरवशावर बाग सोडता येत नाही.

हिमाचलची जमेची बाजू

सत्यानंद स्टोक्स यांनी १९१६ साली कोटगढला रेड डिलिशियसची झाडं आणली तेव्हापासून हिमाचलचं सफरचंद आणि अमेरिकेचं सफरचंद यांच्यात नातं आहे. किडींच्या बाबतीत मात्र हिमाचल भाग्यवान. प्लम कर्क्युलिओ आणि सफरचंदाची फळमाशी भारतात नाहीत. कॉडलिंग मॉथ देशात आहे तो लडाखमध्ये.

हिमाचलच्या बागायतदाराला झुंजावं लागतं ते सॅन होजे स्केल, लोकरी मावा, लाल कोळी, खोडकिडा, मूळ पोखरणारी अळी आणि पानं खाणारे भुंगेरे यांच्याशी. मूळ पोखरणारी अळी तीन वर्षांहून अधिक काळ जमिनीत राहते. तिचे भुंगेरे पावसाळ्याच्या तोंडाशी बाहेर पडतात आणि दिव्याकडे धावतात. तेव्हा प्रकाश सापळे लावायचे आणि झाडाच्या आळ्यात, तिथल्या भाषेत तौलियात, शेणखतातून मेटारायझियम बुरशी मिसळायची. पहिल्या वळवानंतर कडुनिंब-बाभळीवरचे हुमणीचे भुंगेरे वेचणाऱ्या महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला हे शिकवावं लागणार नाही. खोडकिड्यासाठी भुशाचं छिद्र हेरून आत तार खुपसतात आणि छिद्र चिखलाने लिंपतात. लोकरी माव्यावरचा उपाय कुलूत नव्वद वर्षांपासून आहे. लाल कोळी तर बहुतेकदा फवारणीच्याच पोटी जन्मतो. कडक कीटकनाशकं थांबली, की त्याला खाणारे परत येतात.

उरतो तो रोगांचा प्रश्न. हिमाचलमधल्या पंपांना खरं काम असतं ते स्कॅब (खपली रोग) आणि पानगळ आणणाऱ्या बुरशींमुळे. त्यांच्यावर सापळा नाही की मित्रकीटक नाही. प्रतिकारक वाण आहेत, पण बाजार रॉयल आणि लाल चकचकीत डिलिशियस मागतो. तोवर बुरशीसाठीचा पंप पूर्ण बंद होणं कठीण आहे. कीटकांसाठीचा मात्र बंद होऊ शकतो.

एकट्याचं कुंपण पुरत नाही

हे सगळे उपाय शेजारी ठेवून पाहिले, की त्यांचे दोन गट पडतात. पट्टे, लाल गोळे, पिशव्या, तार, गळालेली फळं वेचणं हे एकट्याला जमतं. त्याची किंमत मजुरीत मोजावी लागते. गंधनळ्या, वांझ पतंग, मित्रकीटकांची जपणूक हे सगळं शेजाऱ्यावर अवलंबून आहे. इटलीतल्या साऊथ टिरोलमध्ये सफरचंदाच्या बागा वर सरकत माल्स गावाच्या वेशीवर आल्या, तेव्हा फवाऱ्याचे थेंब सेंद्रिय चाऱ्यावर पडू लागले. गावाने २०१४ साली सार्वमत घेतलं आणि सुमारे तीन चतुर्थांश मतदारांनी कीटकनाशकमुक्तीच्या बाजूने कौल दिला. त्यातून आलेले नियम न्यायालयात टिकले नाहीत. थेंब बांध ओलांडतात, तसे पतंगही. वॉशिंग्टनमध्ये शेजारी स्वखुशीने एकत्र आले, ओकानागनमध्ये कायदा आणि कर लागला, माल्समध्ये मोठं बहुमत असूनही अधिकार पुरला नाही.

हिमाचलमधली बहुतेक बागायत छोट्या तुकड्यांची आहे. तिथे प्रमाणपत्र एकेका शेतकऱ्याला देण्याऐवजी सलग उतारावरच्या सगळ्या बागांनी एकदम कीटकनाशक थांबवणं हा व्यवहार्य मार्ग ठरतो. अनुदानावर उभारलेले गारांच्या जाळ्यांचे सांगाडे अनेक बागांत आहेतच. उद्या बारीक जाळीची गरज पडली, तर खांब-तारांचा खर्च वाचेल.

ती गरज पडूच नये यासाठी सर्वांत स्वस्त उपाय क्वारंटाइनचा आहे. लडाखमधून ताजी सफरचंदं बाहेर नेण्यावर निर्बंध आहेत ते कॉडलिंग मॉथमुळेच. एका किडक्या फळातली अळी मनालीत किंवा श्रीनगरला उतरली, तर वर लिहिलेले सगळे महागडे उपाय भारतीय बागायतदाराला विकत घ्यावे लागतील. दर उन्हाळ्यात महाराष्ट्रातून हजारो पर्यटक लेहला जातात. परतताना त्यांनी वाळवलेले जर्दाळू जरूर आणावेत. ताजी सफरचंदं मात्र तिथेच खाऊन संपवावीत.